अमेरिकेवर बोलायला वऱ्हाडात गेले

तीस वर्षं मी सांगलीच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं, आणि त्यातली बरीचशी वर्षं अमेरिकेची राज्यव्यवस्था. अमेरिका मी पाहिलेली नाही. हौसेनं पासपोर्ट काढला होता, तो कोरा असतानाच त्याची मुदत संपली. तरी तिथला अध्यक्ष कसा निवडतात, सिनेट कोणत्या वेळी काय अडवू शकतं, हे मला अर्धवट झोपेत विचारलं तरी सांगता येईल. वऱ्हाडही मी पाहिलेला नव्हता. गेल्या हिवाळ्यात तो पाहून आले, आणि थोडी अमेरिकाही मला तिथंच भेटली. म्हणून हे लिहायला बसले.

निमंत्रण वानखडे सरांचं होतं. हे अमरावतीचे राज्यशास्त्राचे प्राध्यापक. पूर्वी एका प्रशिक्षण वर्गात आमची ओळख झाली आणि फोनवर टिकली. त्यांच्या मित्रमंडळींची व्याख्यानमाला आहे. एक व्याख्यान अमरावतीला, दोन दिवसांनी दुसरं अकोल्याला. विषय त्यांनीच दिला: अमेरिकेच्या राजकीय इतिहासात सरकारची भूमिका.

"विषय जड आहे हो. लोक येतील का?" मी विचारलं.

"मॅडम, थंडीत आमच्याकडे लोक कशालाही येतात," सर म्हणाले.

अमरावती

अमरावतीजवळच्या बडनेरा स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. अंगात कापरं भरेल अशी थंडी होती. विदर्भ म्हणजे ऊन, एवढंच डोक्यात ठेवून मी एक पातळ शाल घेऊन आले होते. ऑटोवाल्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "स्वेटर काहून नाई आणलं?" ओळख ना पाळख, पण काळजीत खोट नव्हती. आमची सांगलीची भाषा काही लोण्यासारखी नाही, तरीही इथलं बोलणं पहिल्या दिवशी कानावर जरा आदळतंच. दुसऱ्या दिवशी त्यातली माया कळायला लागते.

सरांच्या घरी मीनावहिनींनी गिला वडा केला होता. उडदाचे मऊ वडे, वर घट्ट दही आणि चटण्या. मी दोन खाल्ल्यावर त्यांनी विचारलं, "सांबार टाकू का अजून?"

"नको, दह्याबरोबर सांबार नको," मी म्हटलं.

त्या गोंधळल्या. "टाकलेलाच आहे की मॅडम. आवडला नाही का?"

मी वाटीत वाकून बघितलं. सांबार कुठं दिसेना. मग सर हसत आले आणि उलगडा झाला. इकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. पुढचे चार दिवस सरांच्या ओळखीतल्या प्रत्येकाला ही गोष्ट माझ्यासमोर सांगितली गेली.

संध्याकाळी सभागृह खरोखर भरलं होतं. अमरावतीत स्पर्धा परीक्षांचे क्लास गल्लोगल्ली आहेत. त्यातली मुलं-मुली वह्या उघडून बसली होती, मागे निवृत्त मंडळी. मी टिपणांवरून बोलत गेले. राजाच्या जुलमातून सुटलेल्या लोकांनी सरकार उभारतानाच त्याचे हात कसे बांधून ठेवले. छोट्या शेतकऱ्यांचं राज्य आणि लहान सरकार हवं असलेला एक पक्ष, बँका, रस्ते, कारखाने हवे असलेला दुसरा. यादवी युद्धानं केंद्र कसं बळकट झालं. महामंदीत सरकारनं लोकांच्या हाताला काम आणि शेतापर्यंत वीज कशी दिली. आणि पुढं, सरकार हीच अडचण आहे असं म्हणणारे नेते सरकार चालवायला कसे निवडून आले. पन्नास मिनिटांत अडीचशे वर्षं. माझ्या मते बरं झालं.

पहिला प्रश्न एका मुलीचा. "मॅडम, दोन पक्षांतला फरक पाच मुद्द्यांत सांगाल का?" सांगितला. सगळ्या वह्यांवर पेनं धावली.

मग तिसऱ्या रांगेतून साठीच्या एक बाई उठल्या. हिरवं सुती लुगडं, वर पुरुषी स्वेटर आणि पायात पांढरेशुभ्र स्पोर्ट शूज. हातात माइक घ्यायला त्या तयार नव्हत्या. तशाच मोठ्यानं म्हणाल्या, "बाई, मले एक सांगा. तिकडे माह्या लेकीच्या शेजारी एक म्हातारा राह्यते. सरकारले रोज शिव्या देते. सरकार नकोच म्हन्ते. पन फौजेतला होता म्हनून त्याच्या पायाचं आपरेशन सरकारी दवाखान्यात झालं, फुकटात. अन् त्याच दवाखान्याचं नाव काढलं की डोयात पानी येते त्याच्या. मंग त्याले सरकार पाहिजे का नको?"

मी घसा साफ केला आणि म्हटलं की अमेरिकन मानसिकतेत हा अंतर्विरोध फार जुना असून त्याची मुळं वसाहतकाळात सापडतात.

"बरं," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

वर्गात तीस वर्षं काढलेल्या माणसाला त्या 'बरं'चा अर्थ बरोबर कळतो. उत्तर मिळालं नाही, पण तुमचा मान ठेवते, असा तो असतो.

नंतर चहाच्या वेळी सरांनी ओळख करून दिली. त्यांची सख्खी मावशी, पंचफुलाबाई. अकोल्याच्या वाटेवर एका खेड्यात यांचं वावर, म्हणजे शेत. भाजीपाला आणि फुलं पिकवायची आणि जवळच्या तालुक्याच्या गावी नेऊन विकायची, हे तीन पिढ्यांचं काम. लेक शीतल अमेरिकेत. तिच्या बाळंतपणाला मावशी सहा महिने जाऊन आल्या होत्या.

मला खरं तर ओशाळल्यासारखं झालं. त्या सभागृहात अमेरिका पाहिलेलं एकच माणूस होतं आणि मी त्याला वसाहतकाळ सांगितला होता.

"उद्या वावरात या, बाई," पंचफुलाबाई म्हणाल्या. "उभ्या उभ्या सांगाची गोष्ट नाई ते."

वावरात

सकाळी सरांनी गाडीनं सोडलं आणि ते कॉलेजला गेले. वऱ्हाडची काळी जमीन मी चित्रातच पाहिली होती. आमच्याकडेही काळी माती आहे, पण उसानं झाकलेली. इथं ती उघडी पसरलेली, भेगाळलेली, दूरवर तुरीच्या पिवळ्या शेंगांखाली, हरभऱ्याच्या कोवळ्या हिरव्याखाली. मावशींचं वावर मात्र लहान आणि नटलेलं. मेथीचे वाफे, पालक, वांगी, कडेनं झेंडू. त्या वाफ्यात बसून मेथी उपटत होत्या, मुळांची माती झटकून जुड्या बांधत होत्या. मीही शेजारी बसले. माझ्या जुड्या त्यांनी गुपचूप सोडून पुन्हा बांधल्या.

इथल्या बायका 'मी जातो, मी करतो' असं बोलतात, आणि 'ळ'चा बहुतेक 'य' होतो, डोळ्याचा डोया. आधी ऐकताना माझं व्याकरण अडखळलं. तासाभरानं मलाच ते बरोबर वाटू लागलं.

"तिकडे गेली तं काई काम नाई," त्यांनी सुरुवात केली. "लेकरू झोपलेलं, लेक झोपलेली, जवाई कामावर. घरासमोर ही एवढी जागा, अन् सारं गवत. कापाचं अन् फेकाचं. कापाचं अन् फेकाचं. ढोर नाई, काई नाई. मी म्हटलं, बाप्पा, हे काय करून राहिले हे लोकं?"

मग एका सकाळी त्यांनी समोरचं गवत खणलं. बी काही इथून नेलं नव्हतं. न्यायला बंदी आहे म्हणून विमानतळावर लेकीनं आधीच बजावलं होतं. स्वयंपाकघरातले मेथीदाणे आणि धणे त्यांनी पेरले, वांग्याची रोपं तिथल्या दुकानातून आणवली, कडेला झेंडू लावला. महिन्याभरात अंगण हिरवंगार झालं. रस्त्यानं जाणारे थांबून बघू लागले.

आणि एक दिवस हातात कागद अडकवलेली पाटी घेतलेला माणूस आला. गाडीतून उतरला, अंगणाचे फोटो काढले, काही लिहिलं आणि निघून गेला. आठवड्यानं शहराच्या सरकारचं पत्र. घराच्या समोरच्या भागात फक्त गवत आणि शोभेची झाडं चालतात. भाजीपाला काढा, नाहीतर दंड.

"शीतल तं घाबरून गेली. म्हने आई, आत्ताच्या आत्ता उपट. आपन परक्या मुलखात हावो. मी म्हटलं, उपटतो. पन वांग्याले फूल लागलं होतं, बाई."

मी हातातली जुडी खाली ठेवली. माझ्या टिपणांत जे सरकार होतं ते वॉशिंग्टनमध्ये बसायचं. युद्ध करायचं, कर लावायचं, धरणं बांधायचं. हातात पाटी घेऊन कुणाच्या अंगणातली मेथी मोजायला येणारं सरकार माझ्या टिपणांत नव्हतंच. स्थानिक शासनावर एक प्रकरण असायचं, सगळ्यात शेवटी. त्यावर परीक्षेत प्रश्न येत नाही म्हणून मी ते तीस वर्षं 'घरी वाचा' म्हणून सोडून दिलं होतं.

"मग?" मी विचारलं.

"मंग तो म्हातारा आला."

हाच तो शेजारचा. गाडीला हा मोठा झेंडा, कुणाशी फारसं बोलणं नाही. शीतल त्याला जरा बिचकूनच असायची. त्यानं पत्र वाचलं आणि लालबुंद झाला. माझ्या शेजारणीनं तिच्या अंगणात काय लावायचं हे सांगणारं सरकार कोण, म्हणाला. त्यानंच सांगितलं की शहराच्या मंडळाची महिन्यातून दोनदा उघडी सभा असते, आणि तिथं कुणालाही उठून तीन मिनिटं बोलता येतं. सभेच्या दिवशी आपल्या गाडीतून त्यानंच या तिघींना नेलं, तान्ह्या नातीसकट.

"मोठा हाल. समोर पाच जन बसलेले, परत्येकापुढं नावाची पाटी. मधातली बाई अध्यक्ष. माहं नाव पुकारलं, म्हंजे त्याहीनं जे काई पुकारलं ते माहंच असंन म्हनून मी उठली. समोर घड्याळ लावलेलं, तीनपासून उलटं चालते. मी वऱ्हाडीत बोलली, शीतलनं इंग्रजीत सांगतलं."

"काय बोललात?"

"म्हटलं, तुमी गवत कापता अन् फेकता. मी कापतो अन् खातो. अन् जास्तीचं तुमाले देतो. यात माहं काय चुकलं?"

सभेत हशा पिकला म्हणे, टाळ्याही वाजल्या. मधल्या बाईंनी भाषांतराला वेळ गेला म्हणून आणखी तीन मिनिटं दिली. मग म्हातारा उठला आणि सरकारनं आपल्या मर्यादेत राहावं यावर बोलता बोलता इतका तापला की घड्याळ वाजलं तरी थांबेना. मंडळानं ठरवलं की पीक निघेपर्यंत कारवाई करायची नाही आणि नियमाचा पुन्हा विचार करायचा.

"मग नियम बदलला?"

"कायचं! शीतल म्हन्ते अजून चर्चाच चालू हाये. सरकार तिकडेबी हयूहयूच चालते." त्या मनापासून हसल्या. "पन माही वांगी निघाली. म्हाताऱ्याले भरीत करून देल्लं. तिखटानं रडला बिचारा, पन खाल्लं सारं."

दुपारी घरी कढीगोळे आणि ज्वारीची भाकर झाली. डाळ भरडून केलेले गोळे कढीत शिजवलेले. आमच्याकडे कढी पातळ पितात, इथं ती जेवतात. जेवताना मी मनाशी ठरवलं आणि बोलून टाकलं. "मावशी, उद्या अकोल्याला तुम्ही हे सांगा. अर्धा वेळ माझा, अर्धा तुमचा."

त्यांचा हात भाकरीवरच थांबला. "माहं हसं कराचं हाये का? शिकलेले लोकं असतीन तिथं. मले शुद्ध बोलता येत नाई."

"तिथल्या पाच जणांपुढे कुठं शुद्ध बोललात?"

"त्याहीले कुठं कयत होतं शुद्ध अन् अशुद्ध! इथं तं साऱ्याईले कयते."

संध्याकाळी सर मला न्यायला आले. पण निघताना त्या गाडीपर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "येतो. पन स्टेजवर खुर्चीत बसनार नाई. उभी राहून बोलतो."

अकोला

अकोल्यात जठारपेठेत सरांच्या मित्राकडे सर, पंचफुलाबाई आणि मी उतरलो. खाली दुकानं, वर घरं, आणि सकाळपासून ऑटोंची वर्दळ. अकोला हे कापूस-धान्याच्या व्यापाराचं गाव. यजमानांचे वडील, आप्पा, पूर्वी जिनिंगमध्ये कामाला होते. कापसातून सरकी वेगळी करायचा तो कारखाना. माझा विषय कळल्यावर ते म्हणाले, "तुमच्या त्या अमेरिकेतल्या लढाईनं आमच्याकडे सोनं पिकवलं होतं म्हणतात. माझा आजा सांगायचा."

खरंच आहे ते. यादवी युद्धात तिथल्या सरकारनं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि त्यांची नजर वऱ्हाडावर पडली. भाव चढले. लढाई संपली तसे उतरले. हे मला ठाऊक होतं, पण व्याख्यानात घालावं असं कधी वाटलं नव्हतं. गावाबाहेरचं कृषी विद्यापीठ पाहून आलो तेव्हाही तेच. त्याच युद्धाच्या काळात तिथल्या केंद्र सरकारनं राज्यांना जमिनी देऊन शेतीची कॉलेजं काढायला लावली, आणि आपल्याकडची कृषी विद्यापीठं पुढं त्या धर्तीवर उभी राहिली. त्या संध्याकाळी मी टिपणं यजमानांच्या घरीच ठेवली. कापूस आणि विद्यापीठ यांवर वीस मिनिटं बोलले आणि खाली बसले.

पंचफुलाबाई उभ्या राहिल्या. पहिली दोन वाक्यं त्यांनी पुस्तकी मराठीत बोलायचा प्रयत्न केला आणि अडकल्या. सभागृहात कुणीतरी फिसकन हसलं. या बाईंना मी इथं उभं केलं होतं. त्यांनी पदर खोचला, एकदा पहिल्या रांगेतल्या आप्पांकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "मले हे जमत नाई. आपल्या बोलीत सांगतो." त्यानंतर अर्धा तास कुणी खोकलंसुद्धा नाही. गवताच्या वाक्याला टाळ्या पडल्या. भरिताला त्याहून जास्त.

आणि मग एका मुलीनं हात वर केला. चष्मा, दोन वेण्या, अकरावी-बारावीची असेल. "आजी, तुम्ही तिथं बोलल्या. इथं कधी बोलल्या का? आपल्या सरकारसमोर?"

प्रश्नात आगाऊपणा नव्हता, खरी उत्सुकता होती. पंचफुलाबाईंनी खोचलेला पदर सोडला. मग म्हणाल्या, "नाई, बाई. चाळीस वर्स झाले बाजारात बसून. कोनी इचारलं नाई, अन् मी गेली नाई." आणि खाली बसल्या.

लोक उठून त्यांना भेटायला आले, कुणी फोटो काढले. त्या सगळ्यांशी नीट बोलल्या, पण मन तिथं नव्हतं. जठारपेठेत परतताना ऑटोत त्यांनी मला सांगितलं ते पहिल्यांदाच. ज्या तालुक्याच्या गावी त्या भाजी विकतात, तिथल्या नगरपरिषदेच्या कार्यालयानं भिंतीवर नोटीस लावली होती. येत्या सोमवारपासून रस्त्यावरचा भाजीबाजार बंद, सगळ्यांनी बायपासजवळच्या नव्या ओट्यांवर बसायचं. पन्नास-साठ बायका होत्या. दोन आठवडे सगळ्या आपसात कुरकुरत होत्या. कार्यालयात कुणीच गेलं नव्हतं.

"उद्या जातो," त्या म्हणाल्या. "त्या पोरीनं नाक कापलं माहं."

माझं दुसऱ्या दिवशी दुपारचं तिकीट होतं. ते मी रद्द केलं.

तालुक्याचं गाव

या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. असं गाव कुठंही असतं. सकाळी दहाला बाजारातून पंचफुलाबाईंसह सात जणी निघाल्या, मी आठवी. बाजार निंबांच्या रांगेखाली भरतो. कार्यालय चार पावलांवर होतं, पण एकीनं वाटेत दोनदा चप्पल नीट केली, एक मध्येच म्हणाली माझी टोपली उघडीच राहिली, आणि परत गेली. सहा उरल्या.

दारातल्या कारकुनानं सांगितलं, "अर्ज टेबलावर ठेवा अन् जा. मॅडम कामात आहेत."

"अर्ज देतो," पंचफुलाबाई म्हणाल्या, "पन बोलतोबी. बसतो आमी." आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या. त्यांच्या शेजारी बाकीच्या. मला बाकडं दाखवलं गेलं; मी खालीच बसले. तासाभरानं बोलावणं आलं.

मुख्याधिकारी तिशीच्या आत-बाहेरची एक मुलगी होती, आणि तिनं तोंड उघडताच मला कळलं, ही आमच्याकडची. कोल्हापूरची निघाली. माझ्या तोंडून सांगली ऐकून ती एकदम खुलली. "मॅडम, या ना, बसा. काय विषय आहे?" तिनं मलाच विचारलं.

आणि मी सुरू झाले. तीस वर्षांची सवय. "असं आहे, की या भाजीविक्रेत्या महिलांच्या उपजीविकेच्या दृष्टीनं सहभागी निर्णयप्रक्रिया..."

माझ्या हातावर एक खरखरीत हात पडला. "बाई, तुमी थांबा," पंचफुलाबाई हळूच म्हणाल्या. "मले बोलू द्या."

मी थांबले. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. पण खरं सांगायचं तर त्या वेळी राग आला नाही. उलट, इतकी वर्षं मी वर्गात जे नुसतं सांगत होते ते कुणीतरी माझ्यासमोर करून दाखवत होतं, आणि मीच त्याच्या वाटेत बसले होते.

"मॅडम," त्यांनी सुरुवात केली, "पालेभाजी सकायची असते. दहाच्या वर ऊन झालं की मान टाकते. लोकं पायी येतात, जुडी घेतात, घरी जातात. बायपासवर पायी कोन येनार? वांगी, आलू तिथं नेतो आमी, काई म्हननं नाई. पालेभाजी अन् फुलं दहापर्यंत इथं राहू द्या. दहा वाजता उठतो."

मुख्याधिकाऱ्यांनी सरळ हो म्हटलं नाही. ते मला आवडलं. त्यांनी विचारलं, "शाळेच्या वेळेला रस्ता अडतो, त्याचं काय? मुलांना चालायला जागा नसते. तक्रारी त्याच्याच आहेत."

मग सगळ्यात कोपऱ्यातली, तोवर एक शब्द न बोललेली झेंडूवाली म्हणाली, "एकाच बाजूनं बसतो नं. निंबाच्या बाजूनं. शायेची बाजू मोकयी."

"आणि कचरा?"

"झाडून ठेवतो आमी. पन गाडी दहाले आली पाहिजे. बारा वाजता येते अन् तवर ढोरं पसरोतात."

मुख्याधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. गाडीची वेळ त्यांना माहीतच नव्हती. शेवटी म्हणाल्या, "एकटीनं ठरवायचा अधिकार मला नाही. पुढच्या सभेत विषय ठेवते. तोवर सोमवारची नोटीस थांबवते. पण सभेला तुमच्यातली कुणीतरी येऊन हेच सांगायला हवं."

"कोनीतरी काहून?" पंचफुलाबाई म्हणाल्या. "साऱ्याच येतो."

बाहेर निंबाखाली आलो तेव्हा टोपलीसाठी परत गेलेली बाई धावत आली. काय झालं, काय झालं. सगळ्या एकदम सांगायला लागल्या. झेंडूवालीनं आपण काय बोललो ते तीनदा सांगितलं, दर वेळी थोडं वाढवून. कुणीतरी चहा आणला. मला एक मेथीची जुडी, एक पालकाची आणि झेंडूचा एक भला मोठा हार मिळाला. तो गळ्यात घालूनच गाडीत बसायचं असा हुकूम होता. मी तो मोडला नाही. डब्यातल्या लोकांना वाटलं असावं, बाई निवडून आल्या.

सांगलीला परतल्यावर

पंधरा-वीस दिवसांनी, सकाळच्या चहाच्या वेळी पंचफुलाबाईंचा फोन आला. मागे बाजाराचा कलकलाट होता. सभेला एकतीस बायका गेल्या. खुर्च्या कमी पडल्या म्हणून सदस्यांपैकी दोघे उभे राहिले. पालेभाजी आणि फुलं दहापर्यंत, एकाच बाजूनं, सध्या तीन महिन्यांसाठी मंजूर. कचऱ्याची गाडी साडेदहाला येते. "अर्धा घंटा सरकारचा," त्या म्हणाल्या.

मी त्यांचं अभिनंदन केलं.

"थांबा, पुढचं आयका," त्या म्हणाल्या. "काल मच्छीबाजारातल्या बायका आल्या होत्या माह्याकडे. त्याहीच्या तिथं पान्याचा नय नाई. म्हने मावशी, तुमाले बोलता येते, तुमी आमच्यासाठी सांगा."

"मग? जाणार ना?"

"जातो नं. म्हटलं, संगं येतो मी, बाजूले बसतो. पन बोलसान तुमीच."

गिऱ्हाईक आलं असावं. त्यांनी फोन न ठेवताच भाव सांगायला सुरुवात केली, आणि मी तो थोडा वेळ तसाच कानाला लावून बसले.